कपाटाची कावीळ

बाईंना दुकानात शिरताना पाहिले की वह्या-पेन्सिलींचा घाऊक व्यापारी आधी पंखा लावायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. पंखा बाईंसाठी, कपाळ स्वतःसाठी.

"या ताई, बसा. आज काय मोडकंतोडकं काढू?"

"मोडकं नको. काम चोख करतं, पण ज्याला कुणी गिऱ्हाईक नाही, असं काही असेल तर दाखवा."

"तसा या दुकानात मी एकटाच आहे."

"तुम्हाला न्यायला हरकत नव्हती," बाई पिशवीची घडी उलगडत म्हणाल्या, "पण माझ्या कपाटात तुमची उंची बसायची नाही."

व्यापारी हसत हसत माळ्यावर चढायचा आणि धुळीने माखलेले एखादे खोके खाली सरकवायचा. एकदा त्यात पट्ट्या निघाल्या, त्यांच्यावर शून्य छापायचेच राहून गेले होते. बाकीचे सगळे आकडे जागच्या जागी. बाईंनी एक पट्टी डोळ्यांजवळ धरली, रेघा तपासल्या आणि सगळे खोके उचलले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, "शून्य दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलात तर तुमच्या पेपरावर लगेच दिसेल." त्या पट्ट्या पुढे कितीतरी वर्षे टिकल्या.

बाई गणित शिकवत. त्यातही भूमितीवर त्यांचा विशेष जीव. अंकगणिताला नुसते डोके पुरते आणि ते प्रत्येकाला जन्मतःच मिळालेले असते, कमी-जास्त असेल तेवढेच. भूमितीचे तसे नाही. तिला कर्कटक लागते, कोनमापक लागतो, गुण्ये लागतात, आणि ही सगळी मंडळी दुकानात राहतात. ज्या घरात भाकरीला कालवण मिळण्याची मारामार, तिथे कर्कटकासाठी हट्ट कोण पुरवणार? म्हणून बाईंनी वर्गाच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या कपाटात आपला संसार मांडला. आतून ओळीने खिळे ठोकले, त्यांवर कर्कटके आणि कात्र्या टांगल्या. कात्र्या एका बंद पडलेल्या शिवणक्लासातून मिळालेल्या. पेन्सिली ठेवायला चष्म्याच्या जुन्या डब्या. त्या घरच्याच, बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे काम करत आणि गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या डब्या घरी आणत. डबी मिटताना 'टप्प' असा झकास आवाज होई आणि पोरे तो पुन्हा पुन्हा काढत.

कपाटाचा नियम एका ओळीचा होता. न्या आणि आणा. कुणी काय नेले हे बाईंनी कधी लिहून ठेवले नाही. लिहीत बसले तर शिकवायचे कधी?

पण 'न्या' हा शब्द जितका पटकन पाळला जातो तितका 'आणा' पाळला जात नाही, हा जगाचा अनुभव. वस्तू गळू लागल्या. चोरी म्हणावी तर तीही नव्हे. एखादे कर्कटक दप्तराच्या तळाशी निजून राही, एखादे धाकट्या भावाच्या खेळण्यांत जाई. वर्षाच्या अखेरीस खिळे उघडे पडत आणि बाई पुन्हा पिशवी घेऊन पंख्याखाली जाऊन बसत.

त्या वर्षी शाळेचे फाटक रंगवले. डब्यात थोडा पिवळा तेलरंग उरला होता. रखवालदार तो टाकून द्यायला निघाला तेव्हा बाई समोरून येत होत्या, आणि बाईंच्या देखत काहीही टाकून देणे सोपे नव्हते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी वर्गात वर्तमानपत्रे पसरली आणि कपाटातली एकूण एक वस्तू रंगवून काढली. कर्कटकांचे पाय, कात्र्यांच्या मुठी, डब्या, पट्ट्यांच्या कडा. दुरून दिसेल, दप्तरातून डोकावेल, लपवू म्हटले तरी लपणार नाही असा भडक पिवळा.

आणि काय आश्चर्य! गळती थांबली. नुसती थांबली नाही, बाहेर गेलेल्या पिवळ्या वस्तूही एक एक करत घरी परतल्या. महिन्याभरात एकही खिळा रिकामा राहिला नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन आले, त्यांनी कपाटाची दारे दोन्ही हातांनी उघडली आणि म्हणाले, "पाहा. शिस्त म्हणतात ती ही." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढले. माणसाने इतकी वर्षे एखाद्या कामात घालवल्यावर त्याचे गणित एकदाचे सुटावे, तसे त्यांना झाले.

कपाट भरलेले का आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला नाही. दुकान भरलेले दिसले तर माणूस विचारतो, माल खपत नाही का? कपाटाला तो हिशोब लावायचे कुणाच्या मनात येत नाही.

याच सुमारास शाळेत कावीळ आली.

बाई जिन्यावरून उतरत होत्या. खालच्या वळणावर दोन मुले बोलत होती.

"अरे, फुटपट्टीला कावीळ झाली काल."

"खरंच? सगळ्यांसमोर?"

"मग काय! मलाही झालीच असती, पण शेजारच्याचं मिळालं म्हणून वाचलो."

फुटपट्टी म्हणजे दहावीतली एक उंच, सडपातळ मुलगी. रांगेत उभी राहिली की तिच्यावरून ओळ सरळ करता येईल अशी. बाईंचे पाय जिन्यावरच थबकले. शेजारच्याचे काय मिळाले ते त्यांच्या कानात शिरले नाही. डोक्यात फक्त कावीळ शिरली. वर्गात जाऊन त्यांनी विचारले, "कुणाकुणाला कावीळ झालीये? लपवायचं नाही. हात वर करा."

एकही हात वर नाही. मग मागच्या बाकावरून नाकातून फुटलेले हसू. बाईंना वाटले, पोरे बिचारी लाजतात.

त्यांनी फुटपट्टीला खिडकीपाशी नेले आणि दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोळे दुधासारखे पांढरे. चेहरा तेवढा लालबुंद.

"भूक लागते का?"

"हो, बाई."

"मळमळतं?"

"नाही, बाई."

"चांगली सौम्य झालेली दिसते," बाई म्हणाल्या. "तरी पाणी उकळून पी."

मुख्याध्यापकांच्या कानावर गोष्ट गेली. गच्चीवरची टाकी रिकामी करून खरवडून धुतली गेली. पाणी उकळून प्यावे अशी सूचना फळ्यावर लागली. दोन दिवस शाळेच्या नळांना पाणी नव्हते आणि रखवालदार बादल्या वाहून वाहून कमरेत वाकला. कावीळ मात्र हटली नाही. उलट टाकी धुतल्यावर तिचा जोर वाढला, कारण आता तो शब्द उच्चारताना पोरांना हसू आवरेना.

वर्तुळ तपासायची बाईंची एक रीत होती. वही समोर आली की त्या आधी पान उलटायच्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून तर्जनी फिरवायच्या. कर्कटकाचे टोक जिथे रोवले तिथे कागदाला बारीक फुगवटा येतो, कधी आरपार भोकही पडते. ते बोटाला लागले की मगच त्या पान सुलटे करून आकृती पाहत. "वर्तुळ डोळ्यांना फसवू शकतं," त्या म्हणत, "बोटाला नाही."

फुटपट्टीच्या वहीवरून बोट फिरले ते गुळगुळीत पानावरून घसरतच गेले. त्यांनी दुसरे पान पाहिले. तेही सपाट. पुढे पाहिले तर वर्तुळे सुबक, रेघ कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही, आणि प्रत्येकाच्या मधोमध पेन्सिलीने काढलेला एक प्रामाणिक चेहऱ्याचा ठिपका.

बाईंनी बाकीच्या वह्या ओढल्या. आणखी एक सपाट. आणखी एक. भरलेल्या कपाटाकडे पाठ करून त्या बसल्या होत्या; त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

शाळा सुटल्यावर त्यांनी फुटपट्टीला थांबवले.

"हे वर्तुळ कशानं काढलंस?"

"कर्कटकानं, बाई."

"कर्कटकाला पाय किती?"

"दोन."

"मग त्यातला एक काय हवेत होता?"

 मुलीने दप्तरातून एक कापडी थैली काढली आणि बाकावर रिकामी केली. मलमाच्या डबीचे झाकण, बाटलीची बुचे, एक मोठे बटण, बरणीचे टोपण. प्रत्येकाच्या पाठीवर सुईने कोरून त्रिज्या लिहिलेली.

बाईंनी एक झाकण उचलून पट्टीवर धरले. माप अचूक होते. शाबासकी द्यावी की कान धरावा, हे त्यांना चटकन ठरवता येईना.

"आणि ज्या मापाचं झाकण नाही ते माप आलं तर?"

"शोधते."

"कोन दुभागायचा असेल तर? कंस कशानं काढशील? बुचानं?"

मुलगी बाकाची कड नखाने कोरू लागली.

"ते बघ, कपाट गच्च भरलंय. एक घ्यायला हात झडतो का?"

"कावीळ होते, बाई."

"पुन्हा तेच! अगं, टाकी धुतली ना?"

"टाकीची नाही, बाई." मुलीने कपाटाकडे बोट दाखवले. "त्याची. पिवळं घेतलं की सगळे म्हणतात कावीळ झाली. मग दिवसभर विचारतात, घरी औषधाला पैसे आहेत का. डबा खाताना लांब बसतात. मी एकदाच घेतलं होतं."

बाई खुर्चीत बसल्या. पापण्या ओढून पाहिलेले ते डोळे त्यांना आठवले आणि आपण सगळ्यांसमोर हात वर करायला सांगितले होते, तेही आठवले.

एरवी ही गोष्ट सावकाशीने निस्तरता आली असती. पण फुटपट्टीपाशी सावकाशी नव्हती. तांत्रिक शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. यंत्रांचे आणि इमारतींचे आराखडे काढायला तिथे शिकवत, आणि ज्या मुलीच्या हातून बुचानेसुद्धा अशी रेघ उतरते तिची जागा तिथेच होती, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परीक्षेत निम्म्याहून अधिक प्रश्न रचनांचे. साहित्य प्रत्येकाने आपले आणायचे, आत कुणाचे मागायचे नाही. जमले तर ठीक, नाहीतर आईच्या लाँड्रीत इस्त्रीचे टेबल होतेच. दहावीनंतर पोरीचा हात कामाला येईल, असे आई दोनदा बोलूनही दाखवून गेली होती.

बाईंनी सोपा मार्ग धरला. व्यापाऱ्याकडून एक कोरे करकरीत कर्कटक घेतले, या वेळी घासाघीससुद्धा केली नाही. व्यापाऱ्याने काळजीने विचारले, "ताई, बरं नाही का?" ते त्यांनी मुलीच्या दप्तरात गुपचूप सरकवले.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर परत आले होते. इस्त्री करून घडी घातलेल्या कागदात गुंडाळलेले.

"आई म्हणाली, बाईंना सांग, फुकटाचं आमच्याकडं पचत नाही."

"मग कपाटातलं ने. ते फुकट नाही."

"पिवळं नको, बाई," मुलगी म्हणाली आणि वर्गात जाऊन बसली.

त्या संध्याकाळी बाई पिशवीभर कर्कटके घरी घेऊन आल्या. टर्पेंटाइनची बाटली, जुनी फडकी आणि एक बोथट सुरी घेऊन ओट्यापाशी घासत बसल्या. वरचा रंग निघे, पण बिजागरीच्या खाचेत आणि पेन्सिल अडकवायच्या कड्यात तो हट्टाने बसून राही. स्वच्छ पायावरचा तेवढाच पिवळा डाग आणखी डोळ्यांत भरे.

यजमान कामावरून आले ते नाक धरूनच.

"अगं, घर पेटवायचं ठरवलंयस का?"

"अहो, मदत करायची तर करा, नाहीतर तिकडे बसा."

त्यांनी एक कर्कटक उचलून दिव्याकडे धरले. आयुष्य बारीक स्क्रू बघण्यात गेलेले. "असा नाही निघायचा हा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावं लागेल. जुन्या लोखंडी फ्रेमचा रंग आम्ही तसाच काढतो. सालपटासारखा सुटतो."

बाईंची नजर स्वयंपाकघराच्या फळीवरून फिरली.

"त्या पातेल्याकडे बघूही नकोस," यजमान म्हणाले. "उद्या चहाला पिवळा तवंग आला, तर मी सरळ माहेरी निघून जाईन."

"तुम्हाला कुठलं आलंय माहेर?"

"तुझ्याच माहेरी जाईन. तिथं माझी जास्त ऊठबस ठेवतात."

मोठे पातेले, भट्टी आणि सोडा, तिन्ही एका ठिकाणी कुठे असतात हे बाईंना ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्यांनी दोन दिवस चालढकल केली.

लाँड्री म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. पुढे इस्त्रीचे टेबल, भिंतीला लागून घड्यांचे मनोरे, मागच्या दारापाशी भट्टी आणि तिच्यावर काळे पडलेले भले थोरले पातेले. वाफेने खिडकीची काच घामेजलेली. इस्त्रीवालीने दारात बाईंना पाहिले, पण हात थांबवला नाही.

"पोरीच्या त्या कर्कटकाचं बोलायला आला असाल तर बाई, सांगून झालंय माझं."

"नाही, नाही. मी माझ्याच कामानं आलेय."

"कपडे टाकायचेत?"

"नाही. मला जरा... म्हणजे तुमचं ते पातेलं..."

पुढचा शब्द येईना. बाईंना स्वतःचेच नवल वाटले. वाक्य अगदी साधे होते. वर्गातली पोरे वर्षानुवर्षे ते त्यांच्यासमोर येऊन म्हणत आली होती, आणि एखादे चाचरले तर त्या म्हणत, "बोल की, तोंडात गोळी आहे का?" आता त्यांच्याच तोंडात गोळी होती. आजवर फक्त 'घे' म्हणत आलेल्या जिभेला 'द्या' म्हणायचे वळणच नव्हते. हातातली पिशवी जड झाली आणि आतली कर्कटके नको तितकी वाजली.

इस्त्रीवालीने शर्टाची बाही शांतपणे पुरी केली.

"पातेलं विकत हवंय?"

"नाही. उसनं हवं होतं."

इस्त्री टाचेवर उभी राहिली. इस्त्रीवालीने पहिल्यांदा वर नीट पाहिले.

"उसनं! आणि परत आलं नाही तर? पिवळा रंग फासून देऊ का?"

पोरीने घरी सगळे सांगितले होते तर. बाईंनी ते निमूटपणे गिळले. "तारण ठेवते," त्या म्हणाल्या. "हा माझा चष्मा ठेवा."

"आणि मग घरी कशा जाल?"

"नाहीच जाणार. रस्ताच दिसणार नाही. म्हणजे मीही इथंच आणि पातेलंही इथंच."

इस्त्रीवालीला हसू फुटले आणि तिने ते पदराआड दाबले. "ठेवा तो नाकावर. पातेलं तुम्हाला उचलायचं नाही. इथंच उकळा काय उकळायचं ते."

पाणी तापले, सोडा पडला, कर्कटके खडखडत तळाशी गेली. बाई लाकडी दांडक्याने ढवळत उभ्या राहिल्या. हळूहळू पाण्यावर पिवळी सालपटे तरंगू लागली. वाट पाहण्याशिवाय काम नव्हते म्हणून त्यांनी शेजारच्या ढिगातल्या एका शर्टाची कॉलर उलटवली. आतल्या बाजूला, मानेला टेकणाऱ्या कापडावर, काळ्या शाईची मुंगीएवढी खूण होती. दुसऱ्या शर्टाला दुसरी.

"खूण आतूनच करता होय?" त्या म्हणाल्या.

"बाहेरून केली तर शर्ट घालील कोण?" इस्त्रीवालीने मान वर न करता उत्तर दिले, तिच्या लेखी तो रोजचा प्रश्न होता.

बाईंनी कॉलर पुन्हा जशी होती तशी वळवून ठेवली. काही वेळ दोघींचे दोन आवाज, इस्त्रीचा सुस्कारा आणि दांडक्याची टकटक.

मग बाई म्हणाल्या, "एक विचारू का? दिवसभर तुमच्या घरात परक्याचे कपडे असतात. ते काय फुकट येतात?"

"फुकट कसे? कामाला येतात. काम झालं की जातात."

"माझी कर्कटकंही कामालाच जातात. काम झालं की येतात. आली नाहीत तर पुढच्या वर्षीच्या पोरांना मी काय देऊ?"

"पण परवा तुम्ही ते नवं दिलंत, ते परत घेणार होता का?"

"नव्हते," बाईंनी कबूल केले.

"मग? ते फुकटच झालं की."

"झालं खरं. म्हणून तुम्ही परत पाठवलंत ते बरोबरच केलंत. पण उसनं म्हणजे फुकट नव्हे. आता हे पातेलं तुम्ही मला फुकट दिलंय का?"

इस्त्रीवालीने नवा शर्ट टेबलावर पसरला आणि पाणी शिंपडले.

तेवढ्यात फुटपट्टी शाळेतून आली ती दारातच थिजली. पदर खोचलेला, केस वाफेने कपाळाला चिकटलेले आणि हातात दांडके, अशा बाई तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

"आई, बाई इथं काय करताहेत?"

"बाईंनी आपलं पातेलं उसनं घेतलंय," आई म्हणाली. आवाज सरळच होता, पण त्यात थोडी ऐट होती. "उभी काय राहिलीस? चिमटा घे, एकेक बाहेर काढ. हात भाजून घेऊ नकोस."

मुलगी चिमट्याने कर्कटके काढून फडक्यावर पसरू लागली. पुसता पुसता प्रत्येकाचे पाय उघडून मिटून पाहत होती. एक तिने दोनदा उघडले, दोनदा मिटले आणि इतरांबरोबर ठेवून दिले. 'घे तुला' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते दाताखाली धरले. एकदा देऊन पाहिले होते. आता मागण्याची वाट पाहायची होती.

यजमानांनी प्रत्येक बिजागरीत तेलाचा थेंब सोडला, ढिले स्क्रू आवळले आणि पायाच्या आतल्या अंगाला, मिटल्यावर दिसणार नाही असा, सुईच्या टोकाएवढा ठिपका कोरला. "आता याला शोधायला माझ्याच दुकानात येऊन चष्मा करून घ्यावा लागेल," ते म्हणाले. कात्र्या आणि डब्या यांचेही तसेच केले. पट्ट्यांच्या कडा तेवढ्या बाईंनी हाताने खरवडल्या.

कपाट उघडले त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, "कावीळ बरी झाली रे!" बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "झाली. पथ्य मात्र पाळा. ज्याला कर्कटक लागेल त्यानं घ्यावं, आणि ज्यानं हसायचं असेल त्यानं आधी मला कोन दुभागून दाखवावा." हसणारा फळ्यापाशी आला, त्याचा कोन काही दुभागला नाही, आणि तो विषय तिथेच संपला. मधल्या सुट्टीत पहिले कर्कटक खिळ्यावरून गेले. दुसऱ्या दिवशी आणखी काही गेली. ज्यांच्या घरी स्वतःची होती तीही मुले विसरलो म्हणून मागू लागली, आणि कुणाच्या हातात कुठले आहे हे कुणाला कळेना.

फुटपट्टी आली नाही. तिची थैली दप्तरातच होती. बाई तिच्या वहीवरून बोट फिरवत आणि बोट सपाट पानावरून घसरे. त्या काही बोलत नसत. घरी मात्र यजमानांना म्हणाल्या, "परीक्षा परवावर आली. पोरगी बुचं घेऊनच जाणार बहुतेक."

"मग सांग ना तिला."

"सांगून घेतलं तर ते पुन्हा माझंच देणं होईल."

परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळा सुटली. बाईंनी खडू जागेवर ठेवले, फळा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. कपाटाचे कुलूप लावायला एरवी त्यांना क्षण पुरे. त्या दिवशी किल्लीच सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

दारात कुणीतरी उभे होते.

"बाई, मला जरा..."

बाई वळल्या नाहीत. ते अडखळणे त्यांच्या ओळखीचे होते. लाँड्रीच्या दारात त्यांनी ते स्वतःच्या तोंडात अनुभवले होते. म्हणून 'तोंडात गोळी आहे का' असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या थांबून राहिल्या.

"मला एक कर्कटक उसनं हवं होतं. परवा आणून देते."

"कुठलं देऊ?"

"ते, दुसऱ्या ओळीतलं कडेचं. त्याची बिजागरी घट्ट आहे. आईच्या पातेल्यातनं काढतानाच बघून ठेवलं होतं."

बाईंनी कडेचा खिळा मोकळा केला. मुलीने कर्कटक घेतले, पाय उघडून मिटून पाहिले, चष्म्याच्या डबीत ठेवले आणि डबी 'टप्प' करून मिटली.

ठरल्याप्रमाणे ते परत आले. टोक घासून धारदार केलेले आणि त्याच त्या इस्त्रीच्या कागदात गुंडाळलेले. कागद बाईंनी सवयीने उलटला आणि बोट फिरवले. मधोमध बारीक फुगवटा लागला. सुलट्या बाजूला एक वर्तुळ होते, कुठल्याच बुचाच्या मापाचे नसलेले.

दहावी आटोपून फुटपट्टी तांत्रिक शाळेत गेली, आणि जाताना पुन्हा कपाटापाशी आली. या वेळी न अडखळता म्हणाली, "बाई, तिकडं पहिलं वर्ष सगळं रचनांचंच आहे. तेच उसनं मिळेल का? जरा लांब मुदतीचं?" बाई म्हणाल्या, "मिळेल. परत आणायचं मात्र." आई आता आल्यागेल्याला सांगते, पोरीचं कर्कटक शाळेचं आहे, जपून वापरावं लागतं.

मध्यंतरी मुख्याध्यापक पुन्हा पाहुण्यांना घेऊन वर्गात आले. त्यांनी कपाटाची दारे दोन्ही हातांनी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. निम्मे खिळे उघडे. दुसऱ्या ओळीतला कडेचा तर केव्हापासून रिकामा.

"बाई, हे काय? चोरी झाली की काय?"

"नाही, सर. कावीळ उतरली."

"कावीळ? कुणाची?"

"कपाटाची."

मुख्याध्यापकांनी पाहुण्यांकडे पाहिले, पाहुण्यांनी कपाटाकडे. मग सर दाराबाहेर डोकावून रखवालदाराला हाक मारत म्हणाले, "काही असो, टाकी एकदा धुऊनच घेऊ."